झिबल पेंटरची भिंत

गोदामाची तीच भिंत. झिबल चौथ्यांदा रंगवतोय.

पहिल्यांदा काढली होती तीन-चिमणी विडी;
कंपनीनं दिले साठ रुपये अन् वर एक कट्टा.
मग वनखात्याचा लिलाव,
तेंदूपत्ता, युनिट सात, सत्तर पानांचा पुडा,
जंगलाचं भलं तेच तुमचं भलं.
मग रोजगार योजना: सुपात पानं, हातात कात्री,
हसणारी बाई.
जैतुरा म्हणाली होती,
माह्यासारखं नाक कायले काढलं रे तिले?

आज जीपमधल्या साहेबानं
शाळेच्या फाटकापासून टेप ताणला,
शंभर यार्डांवर बुटाचं टोक ठेवलं. इथं पिवळी रेघ.
अन् भिंतीवर फुप्फुस. काळं.

काळं फुप्फुस झिबलनं कधी पाहिलं नाही.
तो तेंदूचं पान काढतो तसंच काढतो,
मधोमध देठापासून शीर,
दोन्ही अंगांना बारीक जाळी.

केवळरामचा पानठेला सहा जणांनी उचलून
रेघेच्या त्या बाजूला ठेवला.
साहेबानंही एक कोपरा धरला, भला माणूस.
मे महिन्यात फड बसेल
तेव्हा हीच जीप बोनसची यादी घेऊन येईल.

चुना वाळतो तशा
तीन चिमण्या फुप्फुसातून वर येतात.
साहेब म्हणतात, आणखी एक हात मार.

झिबलच्या गालात खर्रा, बोलता येत नाही.
तो मान हलवतो,
ब्रश डब्यावर आडवा ठेवतो
अन् थुंकायला
रेघ ओलांडून जातो.