दोन्हीकडे वीस

सक्करदऱ्याची शाळा आणि महालातली कन्याशाळा
जूनपासून एक. ट्रस्टचा ठराव झाला.
माझ्या वाट्याला एक वही, दोन चाव्या
आणि मे महिना.

गुरुवारी, नुसतं बघावं म्हणून, जोडली लाइन.
इकडचा वीस म्हणजे ऑफिसचा प्रिंटर,
तिकडचा वीस हजेरीचं यंत्र.
साठवणे मॅडमनी टीसी छापायला दिली,
कागद आलाच नाही.
तिकडे वनमालाबाई अंगठा टेकवून टेकवून थकल्या:
"मी उभी आहे ना बाप्पा इथं,
हे काहून नाही म्हणून राहिलं?"

काढली लाइन.

वाळ्याच्या कुलरसमोर वहीत रेघा ओढल्या,
पानं उडू नयेत म्हणून वर पक्कड.
दोन्हीकडचे म्हणाले, आमचे नंबर जुने.
म्हटलं, मग दोघांनीही उठायचं.
सक्करदरा दहा-दहा, महाल दहा-वीस,
मधले सगळे मोकळे,
अजून न बांधलेल्या वर्गांसाठी.
पत्त्यांच्या भाड्याची मुदत
आठ दिवसांवरून एका तासावर आणली,
सोडताना कुणी अडून बसू नये.

राहिला गुणपत्रिकांचा जुना डबा.
त्याचा पासवर्ड वाघधरे सरांबरोबर गेला,
सर गेले त्याला चार वर्षं झाली.
वर त्यांच्या हातचं स्टिकर:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच.
पाचाचं शेपूट लांब ओढलेलं.
तो हलणार नाही, असं वहीत लिहिलं
आणि राउटरला त्याच्यापर्यंतची
वेगळी वाट शिकवली.

रात्री साडेअकरा. भिंती अजून तापलेल्या.
महालातून पिंग टाकला.
चारदा उत्तर आलं.