तेलाची धार

वॉरिंग्टनला, मर्सी नदीच्या वळणाशी
खाली टायरचं दुकान, वर आमची प्रयोगशाळा.
दोघीच असतो. मी, आणि निवृत्तीला
अकरा आठवडे उरलेली मॉरीन ऑल्ड्रेड.

काम सांगायला सोपं.
काचेच्या चौकोनी डबीत पाणी,
पाण्यात आकड्यासारखी वर वळलेली सुई,
सुईच्या टोकाला तेलाचा एक थेंब
वर निसटू पाहणारा, अडकलेला.
थेंब टम्म गोल, तर दोघांचं पटत नाही.
लांबट झाला, मान बारीक झाली,
तर समजायचं, मध्ये कुणीतरी पडलंय.

बाटली सात.
सरळ शेपटी, बारा कार्बनची. डोकं पाण्यात, शेपटी तेलात.
डोक्यांवर सगळ्यांच्या एकच भार,
म्हणून शेजाऱ्याला ढकलत, अंतर राखून उभे.
चिमूटभर मीठ टाकलं की सरकतात जवळ.
ताण बावन्न होता. सहावर आला.

बाटली आठ. शेपटीला फाटे.
हे धावत पोचतात, सगळ्यांच्या आधी,
पण दाटीत बसता येत नाही, कोपरं लागतात.
एकेक जण दोघांची जागा अडवून.

मॉरीन आठची बाटली नेहमी लांब धरते.
लहानपणी हाउलीच्या बांधाखाली
नदीला फेस यायचा, पुरुषभर उंच.
वारा सुटला की गोळे उडत गावात यायचे,
दुकानांच्या पाट्यांवर, घोड्याच्या आयाळीत,
आणि एका रविवारी
तिच्या पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या झग्यावर.
तपकिरी कडं उमटलं. आईने तो डाग काढायला
त्याच साबणाची पूड वापरली.
तेव्हाच्या शेपट्यांना फाटे होते ना,
जंतूंचा दात लागायचा नाही.
पुढे कारखान्यांनी शेपट्या सरळ केल्या,
नदी गप्प झाली.
झगा अजून आहे म्हणते. कडंही.

कुणीतरी मला हमखास विचारतं,
तुझंही असंच ना? अर्धी इकडची, अर्धी तिकडची?
मी हसते. चहा ओतते.
नुसत्या पाण्यात तो रेणू शेपटी लपवायला
घोळके करतो, पाठ बाहेर, पोट आत.
नुसत्या तेलात डोकं लपवतो.
त्या सीमेवर मात्र त्याला काहीच लपवावं लागत नाही.
एवढंच मला ठाऊक आहे, तेही त्याच्याबद्दल.

बाटली नऊ. डोकं एक, शेपट्या दोन.
डोकं रुंद असलं की पडदा तेलाला कवेत घेतो,
शेपट्या रुंद असल्या की पाण्याला.
मीठ नेमकं पडलं, दोन्हींची रुंदी जुळली,
तर कुणाच्या बाजूने वाकावं, त्याला कळेनासं होतं.
आम्ही मीठ थोडं थोडं वाढवत गेलो.
चौथ्या खेपेला
सुईवर थेंब धरेचना.
केसाएवढी रेघ वर चढत गेली, न तुटता,
आणि यंत्राने लिहिलं: थेंब सापडला नाही.

मी पुटपुटले, तेल पहा, तेलाची धार पहा.
काय म्हणालीस, मॉरीनने विचारलं.
आमच्याकडे घाई करणाऱ्याला म्हणतात, मी म्हटलं.
तिने पेन्सिल ओली केली
आणि शेऱ्याच्या रकान्यात, आकड्याच्या जागी,
ऐकू आलं तसं, तिच्या लिपीत,
धार एवढंच लिहिलं. स्पेलिंग चुकलं बहुतेक.
खोडलं नाही.