डावा कान

त्याचं नाव मला अजून वाचता येत नाही.
अक्षरांवर टिंबं, आकडे, इवल्या टोप्या.
मी नुसतं 'म्झे' म्हणते,
पिकल्या केसांच्या माणसाला आमच्याकडे म्हणतात तसं.
तिकडे मेकाँगच्या कुठल्या तरी फाट्यावर
पत्र्याखाली बसून तो बोटींची इंजिनं उघडतो
आणि इथे म्बितात, सरोवराच्या काठी,
जाळ्यांवर वाळणाऱ्या ओमेनाच्या वासात
मी ती मिटायला शिकते.
उघडणं कुणालाही येतं.
पहिल्या खेपेला मिटून झाल्यावर
एक स्प्रिंग हातात उरली होती.

रात्री अकरानंतर डेटा स्वस्त.
वीस शिलिंगांत एक तास,
म्हणजे सतरा मिनिटांचा कार्बुरेटर तीनदा
आणि वर थोडं घुटमळणं.
हात तेलाने बरबटलेले, म्हणून
थांबवायचं नाकाच्या शेंड्याने.
फोनच्या काचेला तडा आहे,
नेमका म्झेच्या अंगठ्यावरून जातो.
तो अंगठा तिकडे काय करतो
ते मी माझ्या अंगठ्याला विचारून घेतलं.

खाली इंग्रजीत उमटत राहतं यंत्राने केलेलं भाषांतर:
आता हृदयाची टोपी काढा.
आजीच्या नाकात फुंका.
पाणी रागावलं असेल तर उद्या या.
मी वहीत उतरवलं, जसंच्या तसं.
आज माझ्या शेडमध्ये ओबिएरो ओरडतो,
"आजीचं नाक चोंदलंय!"
आणि गिऱ्हाईक आपल्या नाकाला हात लावतं.

ओकुमूकडे मी आधी गेले होते.
त्याने माझ्या हातातला पाना काढून घेतला,
चहा आण म्हणाला.
चार महिने चहा आणला.
माणूस वाईट नव्हता.
त्यालाही कुणी समोर बसवून दाखवलं नव्हतं,
दुसऱ्यांच्या खांद्यांवरून चोरून बघितलं होतं सगळं,
आणि चोरलेलं कुणी वाटत नाही.

म्झे मात्र दाखवतो.
कॅमेऱ्यात कोण बसलंय हे त्याला ठाऊक नाही
तरी दर वेळी सुटा स्क्रू उचलून
आधी आमच्यासमोर धरतो,
जेवणाआधी पाहुण्याला पाणी द्यावं तसा.
मग दोरी ओढतो.
मान कलती करून डावा कान इंजिनापाशी नेतो,
डोळे मिटतो.
मीही तसंच शिकले. कलती मान, डावा कान.
ओबिएरोला टपल्या मारून शिकवलं,
"उजवा नव्हे रे, डावा!"
आवाज डावीकडूनच खरा बोलतो
अशी आम्हा दोघांची खात्री.

परवाच्या व्हिडिओत इंजिन नव्हतं.
म्झेशेजारी एक बाई, सून असावी,
बोलत होती ती. तो कपात बघत होता.
भाषांतर म्हणालं:
बाबांचा उजवा कान बत्तीस वर्षांपूर्वी नदीत राहिला.
आता डावाही घरी जायचं म्हणतो.
मी मागे नेलं. परत नेलं.
आजीच्या नाकात फुंकायला लावणारं भाषांतर ते,
त्याच्यावर किती विसंबायचं?
पण सुनेने बोलता बोलता
त्याच्या कानामागचे केस सारखे केले होते,
आणि त्याला भाषांतर लागत नाही.

सकाळी ओबिएरोला सांगितलं.
तो बराच वेळ स्पार्क प्लग पुसत राहिला.
"मग आपण उगाचच...?"
मी काही बोलायच्या आत
अकेलोच्या बापाची नाव काठाला लागली,
रात्रभर खोकणारं इंजिन घेऊन.
मी दोरी ओढली.
मान आपोआप कलली.
डाव्या कानात, पिस्टनच्या बरंच मागे,
वाळूचा एखादा कण दाताखाली यावा
एवढीशी खरखर.

ओबिएरो पलीकडे जाऊन
उजवा कान लावून बसला होता.
"मला काहीच येत नाही ऐकू," म्हणाला,
आणि उठून माझ्या बाजूला आला.