साठ ते सत्तर

केसपेपरच्या खिडकीत नाव विचारलं.
सदाशिव मसुरकर, मी म्हणालो,
बाईंनी लिहिलं : अदाहिव महुरकर.
मी दुरुस्त केलं नाही.
दुरुस्त करायलाही तेच तोंड होतं.

चौतीस वर्षं मुंबई सेंट्रलच्या एसटी डेपोत
जाळीमागे माइकसमोर बसलो.
सातारा, सांगली, सोलापूर, सावंतवाडी…
महाराष्ट्रातली निम्मी गावं 'स'वर उभी आहेत
हे समोरचे दात गेल्यावर कळलं.

गिरगावातल्या डॉक्टरने आकडा तोंडाने सांगितला नाही,
कागदावर लिहून पालथा सरकवला,
जागेचा भाव सांगतात तसा.
म्हणून हे दातांचं कॉलेज, डेपोपासून पायी दहा मिनिटं.
ओळीने खुर्च्या,
खुर्चीखुर्चीत आ वासलेलं एक माणूस
आणि त्याच्यावर वाकलेलं कुणाचं तरी वीस-बावीस वर्षांचं पोर.
हातमोज्यात थरथर लपत नाही.

माझ्या वाट्याला दीपाली सोनटक्के. शेवटचं वर्ष.
"काका, मी अजून शिकतेय हं," तिने आधीच सांगून टाकलं,
नवा ड्रायव्हर घाट लागायच्या आधी
कंडक्टरच्या कानात सांगतो तसं.
शीक, मी म्हटलं. म्हणजे, हीक.
ती हसली नाही.
माझ्याकडून पास तिथेच झाली.

गुलाबी लगदा, पेपरमिंटचा वास,
पत्र्याचा गार ट्रे पार घशापर्यंत.
"नाकाने श्वास घ्या काका. पायाची बोटं हलवा."
मी चपलेत बोटं हलवत राहिलो
आणि उमाळा खरंच तिकडून निघून गेला.
सर आले. साचा उजेडाकडे धरला.
इंग्रजीत काही बोलले, हळू आवाजात,
त्यामुळे जास्त लागणारं.
मास्कच्या दोरीमागे तिचे कान लाल.
"परत करू या, काका?"
तीनदा केलं. तिसऱ्यांदा सही मिळाली.
(इथे पायरीपायरीला सही लागते.
आमच्याकडे ब्रेक नसलेली गाडीसुद्धा
एका सहीवर घाटात जायची.)

आज मेणाची ट्रायल.
मेणात रोपांसारखे लावलेले दात,
रंग मी निवडलेला : अगदी पांढरे नकोत,
माणसाने आयुष्यभर चहा प्यायलाय
एवढं तरी दिसलं पाहिजे.
सर म्हणाले, "साठ ते सत्तर मोजा. मोठ्याने."
साठ. एकसष्ट. बासष्ट.
त्रेसष्ट, त्या वर्षी वरचे दोन गेले.
अडुसष्टला थांबलो.
"पुढे?"
पुढे अजून गेलो नाही, साहेब.

मग तोंड आपणहून सुरू झालं.
प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.
मुंबई–परभणी, मार्गे नाशिक, येवला, वैजापूर,
जालना, परतूर, सेलू…
सेलूला दातांतून बारीक शिट्टी वाजली.
सगळी रांग आ वासून बघायला लागली,
म्हणजे ती आधीपासूनच वासून होती.
"पुढचा किंचित आत घे," सर म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.
दीपाली हात थांबवून उभी.
"सेलू माझं गाव आहे, काका.
ती गाडी पहाटे पावणेचारला पोचते.
स्टँडवर नुसती कुत्री असतात,
आणि सायकल धरून आमचे अण्णा."

मला हे माहीत नव्हतं.
इतकी वर्षं गाड्या सोडल्या,
पोचलेली एकही पाहिली नाही.

तिने दोन बोटांनी दात काढून घेतले.
मेण कच्चं, पक्के गुरुवारी.
येतो, म्हणालो. बाहेर पडलं नुसतं वारं.
ती ट्रे घेऊन लॅबकडे निघाली, जपून, कडेकडेने,
सातारा, सांगली, सेलू
ओल्या कापसावर ठेवून.