एक वीत सावली

चार वाटा जिथे एकमेकींना ओलांडतात
त्या जागेला अरबीत मफ्रक म्हणतात.
मला पहिल्यांदा ऐकू आलं ते फरक.
तेही फार चुकीचं नव्हतं.
एक वाट निझवाकडे, एक समुद्राकडे,
एक मिठागरात शिरून विरते,
आणि चौथी रोज रात्री कूस बदलते.
सकाळी बकऱ्या हुंगून सांगतात, आज ती कुठे निघाली.

मी गोड्या पाण्याचा टँकर घेऊन चाललेलो.
चौथीवर कधी चढलो, कळलंच नाही.
मोबाइलमधला निळा ठिपका वाळूत उभा राहिला,
मग खाली बसला.

सहा घरं, एक घाफचं झाड,
आणि सराई.
मातीच्या भिंती, वर छप्पर नाही,
तरी आत गारवा, माठाच्या पोटातला.

जुवैनाबाई दारात खजूर निवडत होत्या.
म्हणाल्या, रात्रीची एक वीत सावली.
जेवण हवं तर दीड.
मी म्हटलं, रियाल घ्या की.
त्या म्हणाल्या, रियाल अंगावर ओढून
कुणी भर दुपारी निजलंय का?

भांडी घासायला एक जिन्न होता, जरनूक.
जिन्नांना सावली नसते,
म्हणून तीनशे वर्षांची उधारी हातांनी फेडत होता.
त्याला आमच्याकडच्या चार शिव्या येत होत्या,
अगदी बाणकोटी हेल काढून.
कुणी शिकवल्या, विचारलं.
त्याने परात पालथी घातली.

दुपारी मान वर केली, तेव्हा दिसलं छप्पर.
मोती काढणाऱ्यांच्या सावल्या, अजून ओलसर.
उंटाचं एक वशिंड, कुण्या नवरीची वेणी,
सावलीला सावली शिवलेली,
जुन्या गोधडीसारखी, जागोजागी विटलेली.

अब्बा तीन वर्षांनी घरी आले होते तेव्हा
त्यांची सावली खांद्यापाशीच संपायची.
आम्ही पोरं अंगणात ती पावलांनी मोजायचो.
आई म्हणायची, उन्हाची चूक असेल.
ती चूक त्यांच्यासोबत कबरीपर्यंत गेली.

चुलीवरच्या कोपऱ्यात एक डोकं होतं.
टोपी. डावा कान जरा पुढे आलेला,
माझ्यासारखा.

सोडवायचे किती, मी विचारलं.
ने, म्हणाल्या, तुझंच आहे. पण खाली बघ.
खाली एक मेंढपाळ पोरगा, तापाने फणफणलेला,
त्या कानाच्या गारव्यात गाल घालून झोपलेला.

एकदा, पैशावरून, मी अब्बांना म्हणालो होतो :
तुमच्या सावलीलाही उभा राहणार नाही.
राहिलो.
पोराच्या उशाशी, अंग चोरून, असर होईपर्यंत.
जरनूकने भांडी वाजवली नाहीत.

निघताना दोन वीत दिल्या, त्या कोपऱ्याला लागून.
पायाकडच्या घ्या म्हटलं,
डोकं राहू दे, घरी पोरी मोजतात.
जुवैनाबाई कात्री शोधत हसल्या.
तुझा बाप उलटं म्हणाला होता, म्हणाल्या.
डोकं घे,
पाय लागतील परत जायला.

अर्धा टँकर त्यांच्या हौदात सोडला.
मालकाला सांगेन, गळती होती.
बकऱ्या एका दिशेला नाक करून उभ्या होत्या.
मी गिअर टाकला.