काट्यासकट

बर्फाची गाडी येते येलदरीच्या भिंतीखाली.
कटला, रोहू, किलोच्या वरचं सगळं
हैदराबादच्या वाटेला लागतं.
जाळ्याच्या तळाशी उरतात मुऱ्या,
बोटाएवढ्या, तराजूला लाज आणणाऱ्या.
त्या आमच्या.

दवाखान्यात सिस्टरनं बोट टोचलं :
आठ पॉइंट दोन.
भिंतीवरच्या तक्त्यात दूध, पालक, खजूर, अंडं.
मासा कुठंच नाही.
सिस्टरच्या गळ्यात माळ.
"घरी काय खाता?"
मी म्हटलं, भाकर... अन् खाली बघितलं.
सासू मागून म्हणाली,
"मुऱ्या खाती की. लाजती कामून?"

सिस्टर जराशी थांबली.
मग कार्डावर, गोळ्यांच्या खाली,
बारीक अक्षरात लिहिलं :
लहान मासे, डोक्यासकट, काट्यासकट.
तोंडानं नाव घेतलं नाही तिनं,
रेघ मात्र दोनदा ओढली.

रात्री कौसाबाई चुलीपुढं.
राखेनं चोळून धुतलेल्या मुऱ्या,
लसूण, काळा मसाला,
वरून ज्वारीच्या पिठाचा हात.
"डोळे काढू नको,
पोटातल्याच्या डोळ्याला डोळाच लागतो."
कॅल्शियम हा शब्द तिला येत नाही.
माझ्या दातांत कुडूम वाजलं
की ती मान हलवते :
पोचलं हाड.

काल गाडीवाला विचारत होता,
"मुऱ्या कशा लावल्या, मावशी?
वाळवून द्या, शहरात मागणी हाय म्हणे."
कौसाबाईनं टोपल्यावर पदर टाकला.
"त्या मोजून ठेवल्यात," म्हणाली,
"आठ पॉइंट दोनला."