खाल्लेला खजूर

रुवीत, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर,
दर गुरुवारी माझ्या जेवणाच्या टेबलाशी चौघं बसतात.
एक खुर्ची डुगडुगते. ती कुणाच्या वाट्याला येईल,
याची संभाव्यताही आम्ही काढून ठेवलीय.

आज पिशवीतले चेंडू नकोत. वाडग्यात खजूर:
पाच खलास, तीन फर्द.
(खलास हे खजुराचं नाव, रोज खातात,
तरी मी म्हटलं की हसतातच.)
डोळे मिटून एक उचलायचा. खलास येण्याची शक्यता?
"पाच छेद आठ," रुमाना म्हणते, उचलते, खलासच,
आणि मी पुढचं विचारायच्या आत तोंडात टाकते.
बी बशीत टक् वाजते.

"आता?"
तेजोमय सवयीनं पुन्हा पाच छेद आठ लिहितो.
"अरे, तिनं खाल्ला ना!" जोव्हिता त्याचा छेद खोडते.
"चार छेद सात."
उचललेला परत ठेवला की नाही,
पुस्तकात तेवढं एक वाक्य असतं.
तेवढंच ही मुलं वाचत नाहीत.

मग शेकडेवारी.
शंभर रियालांतले वीस टक्के गेले. उरलेल्यावर वीस टक्के वाढ.
"पुन्हा शंभर!" तिघं एकदम.
"शहाण्णव," मी म्हणते, आणि उगीच आतल्या खोलीकडे बघते,
जिथं ह्यांनी मे महिन्याचं पत्र आणि जानेवारीचं पत्र
एकाच घडीत ठेवलंय.
कंपनीनं शब्द पाळला होता, वीस कापले, वीस वाढवले.
हे पेढे घेऊन आले होते.
मी गणिताची बाई, एक पेढा खाल्ला,
दुसरा खाल्ला,
काही बोलले नाही.

निघताना चपला घालत रुमाना म्हणाली,
"टीचर, पुढच्या गुरुवारी मी नसेन.
अब्बांचं काम संपलं. आम्ही हर्णैला चाललो."
जिन्यात कुणीतरी विचारलं, परत येणार का गं?
एसीच्या आवाजात उत्तर मला ऐकू आलं नाही.

तिची वही राहिली टेबलावर.
शेवटचं उदाहरण तिनं घाईत सोडवलं होतं:
पहिला खलास, दुसराही खलास,
पाच छेद आठ गुणिले पाच छेद आठ,
आणि खाली, बारीक अक्षरात,
'परत ठेवला असं धरून.'

प्रश्नात तसं दिलेलं नाही.
पेन हातात धरून बराच वेळ बसले.
अर्धा मार्क दिला.